कूस

पावणेचारचा गजर मी उशीखाली ठेवतो, शरयू,
तुझी झोप मोडू नये म्हणून.
तू जागीच असतेस.
अंधारात आधी तुझे डोळे दिसतात, मग पलंग.

चादरीची दोन टोकं मुठीत धरायची,
जोर पाठीतून नाही, गुडघ्यातून लावायचा.
रमीलाबेननं शिकवलं. तिचा हात हलका आहे, माझा नाही.
एक, दोन,
आणि तू उजवीकडून डावीकडे येतेस
भरल्या पोत्यासारखी. असं म्हणणार नव्हतो,
पण तशीच येतेस.
गुडघ्यांच्या मधे उशी, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल,
कान दुमडला नाही ना, बघायचं.
कान नेहमी राहून जातो.
हवेच्या गादीची मोटर गुरगुरत असते.
खालच्या मजल्यावरच्या वोरांना वाटतं, आम्ही घरगुती गिरणी घेतली.

तीस वर्षं मी तोलमाप खात्यात काढली.
मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत
मला बघून तराजू सरळ व्हायचे.
रावपुऱ्यात तुझ्या वडिलांच्या दुकानी
पन्नास ग्रॅमचं वजन दोन ग्रॅमनं हलकं निघालं.
'कापराचं दुकान आहे साहेब, इथं सगळंच थोडं उडतं.'
पडद्यामागं कुणीतरी फिसकन हसलं.
मी पावती फाडली, दंड घेतला.
सहा महिन्यांनी तीच पावती
तू बघण्याच्या दिवशी माझ्यापुढं सरकवलीस,
चहाच्या बशीखालून.

आता दोनशे मिली मुगाचं पाणी, तीनदा गाळलेलं.
सिरिंज तुझ्या नाकाच्या वर एक वीत धरायची,
ढकलायचं नाही. आपोआप उतरू द्यायचं.
पिशवीत चारशे दहा. वहीत लिहायचं.
ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. लिहायचं.
पापणी एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.
हे कुठं लिहीत नाही.

उत्तरायणात वर गच्चीवर 'काप्यो छे' चाललेलं
आणि तू छताकडं बघत राहिलीस.
मी खिडकीशी आरसा धरला, तिरपा, अजून तिरपा,
हात भरून आला तेव्हा एक पतंग सापडला, जांभळा.
सेकंदभर असेल.
तू एकदा पापणी मिटलीस. मी काही विचारलं नव्हतं.

लोक जिन्यात थांबवून म्हणतात, पुण्य आहे हो.
मी म्हणतो, हो. मला दूध आणायचं असतं.
कधी न्हाणीघरात नळ सोडून
मोठ्यानं शिवी देतो. कुणाला, ते ठरलेलं नाही.

गेल्या मंगळवारी गजर वाजला.
मी ऐकला. बोटानं बंद केला.
सव्वासातला ऊन तुझ्या पायांवर,
तू त्याच उजव्या कुशीवर,
आणि खुब्याच्या हाडाशी रुपयाएवढा लाल डाग,
दाबला तरी पांढरा न होणारा.
वहीत लिहिलं: ३.४५ डावी, ५.४५ उजवी.
अक्षर माझंच, शाईही तीच.
दोन ग्रॅमसाठी दंड केला होता मी.

डॉक्टर जोबनपुत्रांनी वही चाळली.
'काका, नोंद एकदम परफेक्ट. तरीही होतं असं कधी कधी.'
तुझे डोळे माझ्यावर.
मी खाली वाकून चप्पल शोधत बसलो, जी पायातच होती.

आज विचारलं. दिवा न लावता विचारलं.
सांगू का त्यांना?
पापणी मिटली.
मी थांबलो, दुसऱ्यांदा मिटते का म्हणून.
मोटर. पंखा. खाली दुधाच्या कॅनचं झाकण.
तुझा डोळा कोरडा पडतो, ते थेंब कुठं ठेवलेत,
शोधायला वळलो, तेवढ्यात
मिटलीही असेल.

पावणेसहा झाले.
चादरीची टोकं.
एक, दोन.
आज कान बघितला.